केळीच्या चेंबरमधला एक्सपान्शन व्हॉल्व्ह : स्क्रूला हात लावण्याआधी

पुण्याच्या मार्केट यार्डात केळी येतात ती हिरवी, कडक. ती पिकवायची रायपनिंग चेंबरमध्ये, इथिलीन गॅस सोडून. (कार्बाइडवर बंदी आहे; इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे.) पण गॅसपेक्षा अवघड काम तापमानाचं. पिकताना केळं स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे भरलेली खोली आतूनच तापत जाते. ती साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवावी लागते. फार गरम झाली तर गर मऊ होतो आणि साल हिरवीच राहते. १३ च्या खाली गेली तर साल काळपट पडते, आणि ती पुन्हा चांगली पिवळी होत नाही. माल तोच, भाव गेला.

म्हणजे कूलिंग कॉइलला दर तासाला वेगळं काम. तिच्यात किती लिक्विड गॅस सोडायचा हे ठरवतो थर्मोस्टॅटिक एक्सपान्शन व्हॉल्व्ह, तोही विजेशिवाय. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे एक ओळही कोड नसलेला हा फीडबॅक लूप मला भारी वाटतो.

कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला तांब्याचा छोटा बल्ब घट्ट बांधलेला असतो. पाइप गरम झाला की बल्बमधला दाब वाढतो, आणि बारीक कॅपिलरीतून तो व्हॉल्व्हच्या पातळ पडद्याला खाली ढकलतो. व्हॉल्व्ह उघडतो. उलट बाजूने स्प्रिंग आणि कॉइलमधला दाब त्याला बंद करू पाहतात. समजा कॉइलमध्ये गॅस ५ अंशांना उकळतोय आणि बाहेरचा पाइप ११ अंशांवर आहे. हा ६ अंशांचा फरक म्हणजे सुपरहीट. व्हॉल्व्ह फक्त हा फरक सांभाळतो. खोलीचं तापमान त्याला माहीतच नसतं. ते काम थर्मोस्टॅटचं.

इथेच गडबड होते. खोली थंड होईना म्हणून कोणीतरी स्प्रिंगचा स्क्रू सैल करतं. सुपरहीट कमी होतं, कॉइलमध्ये जास्त लिक्विड जातं, आणि ते पूर्ण उकळलं नाही तर तसंच कॉम्प्रेसरमध्ये शिरतं. लिक्विड दाबलं जात नाही. आतल्या पट्ट्या तुटतात. केळी वाचवायला गेलो आणि कॉम्प्रेसर गमावला.

आधी बल्ब बघा. त्यातला गॅस गळून गेला असेल तर व्हॉल्व्ह बंदच राहतो. स्क्रू कितीही फिरवा, व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. बल्ब नुसता पाइपवरून सुटला असेल तर प्रकार उलटा आणि जास्त घातक : त्याला खोलीची गरम हवा लागते, त्याला वाटतं कॉइल उपाशी आहे, आणि व्हॉल्व्ह सताड उघडतो. बल्ब पाइपच्या तळाला कधीच बांधू नये, तिथून तेल वाहत असतं. वरून इन्सुलेशन हवंच. मग फिल्टर, गॅसची पातळी, कॉइलवरची धूळ. हे सगळं ठीक असेल तरच सुपरहीट मोजून स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. इफेक्ट उशिरा दिसतो. घाई केली की व्हॉल्व्ह उघड-बंद, उघड-बंद करत राहतो.

आता सेन्सर आणि स्टेपर मोटर असलेले इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हही मिळतात. ते जास्त अचूक असतात, पण लाइट गेली की स्टेपर आहे त्या जागी थांबतो, उघडा तर उघडाच. म्हणून सोबत बॅटरी किंवा वेगळा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावावा लागतो.