दुसरा प्रश्न विचारायचा हक्क



आपल्या बचत गटाच्या बैठकीत सचिव महिन्याचा हिशोब वाचून दाखवते. एखादी विचारते, "हे दोनशे रुपये कशाला लागले?" सचिव सांगते. लगेच दुसरी विचारते, "मग पावती कुठंय?" आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण देशाचा कारभार करणाऱ्यांना असा दुसरा प्रश्न विचारता यावा, म्हणून आपल्या देशाला कितीतरी वर्षे थांबावे लागले. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

इंग्रजांनी 1861 मध्ये कायदे करायला कौन्सिल नेमली, त्यात काही हिंदी लोकही घेतले. पण सरकारला प्रश्न विचारायची मुभा त्यांना नव्हती. ती मिळाली 1892 च्या कायद्याने. पहिला प्रश्न 1893 मध्ये भिंगाच्या राजांनी विचारला. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांना गावोगावी सामान पुरवावे लागे, आणि त्यात गावच्या दुकानदारांचे हाल होत. प्रश्न त्याबद्दलच होता. म्हणजे पहिलाच प्रश्न गावाचा! पण तेव्हा सरकार जे उत्तर देईल ते ऐकून खाली बसायचे, पुढे काही विचारायचे नाही.

1909 मध्ये थोडी वाट मोकळी झाली. ज्याने प्रश्न विचारला, त्याला एक उपप्रश्न विचारता येऊ लागला. 1919 च्या सुधारणांनंतर सभागृहातल्या कोणत्याही सभासदाला उपप्रश्न विचारता आला. पहिल्या प्रश्नापासून सगळ्यांच्या दुसऱ्या प्रश्नापर्यंत यायला पंचवीसहून जास्त वर्षे गेली. तरीही परदेशांशी असलेल्या संबंधांसारखे विषय प्रश्नांपासून लांबच ठेवलेले होते.

आता आपल्या नगरला येऊ. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले आणि आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, असे बारा जण. त्यांना कुठे ठेवले आहे, हेसुद्धा सरकारने सुरुवातीला लोकांना सांगितले नाही. त्या वेळी मुंबई प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ नव्हते. ते 1939 मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि कारभार गव्हर्नरच्या हातात होता. मग इथल्या माणसाने जाब विचारायचा तरी कुणाला?

पुढे याच किल्ल्यातले कैदी देशाचे मंत्री झाले. पटेल गृहमंत्री झाले, आझाद शिक्षणमंत्री झाले, पंत पुढे गृहमंत्री झाले. नेहरू पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातेही शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होते. आता प्रश्न ऐकून घ्यायची पाळी त्यांची होती. देशाचा कारभार असो की परदेशाशी व्यवहार, सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे. ऑगस्ट 1959 मध्ये चीनच्या सीमेवर काय चालले आहे, असे खासदारांनी विचारले. तेव्हा चीनने आपल्या अक्साई चीन भागातून रस्ता काढल्याची गोष्ट नेहरूंना लोकसभेत सांगावी लागली. सरकारला ती आधीपासून ठाऊक होती. देशाला कळली ती संसदेत विचारणा झाल्यावर.

दुसरे उदाहरण विम्याचे. आपल्यातल्या कितीतरी जणींचे एलआयसीचे हप्ते चालू आहेत. 1957 मध्ये एलआयसीने हरिदास मुंधडा नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. सप्टेंबरमध्ये लोकसभेत त्याबद्दल प्रश्न आला. सरकारच्या उत्तराने कुणाचे समाधान झाले नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी तोच विषय पुन्हा काढला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, तरी मागे हटले नाहीत. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी सर्वांसमक्ष चौकशी केली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या उत्तरावर सगळे गप्प बसले असते, तर विमेदारांच्या पैशाचे काय झाले ते कळलेच नसते.

आज लोकसभेत कामाचा पहिला तास प्रश्नांचा असतो. ज्या प्रश्नापुढे चांदणी असते तो तारांकित. त्याला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. मंत्री "बघतो, करतो" म्हणाले, तर तेही वाऱ्यावर जाऊ नये म्हणून लोकसभेने 1953 मध्ये आश्वासन समिती नेमली. दिलेला शब्द पाळला की नाही, हे ती तपासते. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे.

आता आमचा अनुभव सांगतो. एका गावात ग्रामसभेत आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल विचारले. उत्तर मिळाले, "प्रस्ताव वर पाठवलाय." आम्ही मान डोलावून घरी आलो. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी एक मावशी उठल्या. त्यांना सहीपुरते लिहिता येते. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाठवला कोणत्या तारखेला? जावक नंबर सांगा." सभा गार झाली. प्रस्ताव गेलाच नव्हता. तो पुढच्या आठवड्यात गेला, त्याची पोच आमच्याकडे आहे. टाकी अजून व्हायची आहे.

माहितीचा अधिकार 2005 मध्ये आला. त्याआधी राज्याच्या कायद्यासाठी आपल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषणे केली होती. 2005 च्या कायद्यात एक वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणालाही नाकारू नये. म्हणजे खासदाराला जे कळेल ते शेतमजूर बाईलाही कळावे. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने त्या कलमात बदल केला, हेही आपण लक्षात ठेवायला हवे. मिळालेला हक्क वापरला नाही, तर तो कमी कधी झाला हेसुद्धा कळत नाही.

म्हणून आम्ही गटांना एकच सांगतो. मासिक बैठकीच्या वहीशेजारी आश्वासनांची एक वही ठेवा. ग्रामसभेत, त्याआधीच्या महिला ग्रामसभेत कुणी काय कबूल केले, कोणत्या तारखेला, ते लिहा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. पुढच्या सभेला ती वही घेऊन जा आणि तिथूनच सुरुवात करा. आणि पहिली उठली की दुसरीनेही उठायचे.