दुभाष्या आणि वहिवाट

परमुलखात गेलेल्या माणसाला चांगला दुभाष्या भेटला की त्याची चिंता सरली, असे आपण समजतो. परंतु शब्द कळले म्हणजे माणसे कळली असे नव्हे. हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या रायगड-भेटीची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

हा वकील १६७४ च्या मे महिन्यात रायगडाकडे निघाला. राजापूरच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराचा तह ही त्याची कामे. दुभाष्या होता नारायण शेणवी. ऑक्झिंडेनने प्रथम निराजीपंतांची गाठ घेऊन, महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करावा, अशी गोष्ट काढली. हा विषय महाराजांपुढे रेटू नये, असा निराजीपंतांनी सल्ला दिला. कोणती गोष्ट बोलू नये, हे कोणत्याही कोशात सापडत नाही. ते त्या घरच्या माणसाकडूनच कळते.

६ जूनच्या दरबारात ऑक्झिंडेनने दुरूनच लवून वंदन केले आणि नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांची दृष्टी गेली. त्यांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावून वस्त्रे दिली. तेथे एका भाल्यावर सोन्याचा तराजू समतोल टांगलेला होता. तो न्यायाचे चिन्ह होय, हे वकिलाला कोणी सांगावे लागले नाही.

खरी कसोटी तहाच्या कलमांत लागली. राजापूरबद्दल १०,००० होन कबूल झाले. इंग्रजांचे नाणे राज्यात चालावे, या मागणीवर उत्तर आले की, कोणत्याही नाण्याला मनाई नाही. पण तोटा सोसून ते घ्या, अशी जबरदस्ती रयतेवर करता येणार नाही. फुटलेल्या जहाजांचे कलम तर अडलेच. जीव वाचलेल्या माणसांना साहाय्य देऊ. पण किनाऱ्याला लागलेला माल परत देणे कोकणच्या वहिवाटीविरुद्ध आहे, आणि तुम्हांला दिला तर फ्रेंच आणि डच हेही तोच हक्क मागतील, असे महाराजांचे म्हणणे पडले.

इंग्लंडातही समुद्राने टाकलेल्या मालावर राजाचा हक्क होताच. मात्र १२७५ च्या कायद्याने तेथे एक मर्यादा घातली होती : जहाजावरील माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले, तर माल मूळ धन्याचा. म्हणजे वहिवाट दोहोंकडे होती. तिची सीमारेषा तेवढी निराळी होती. आपल्याकडील रेषा हीच जगाची रेषा, असे मानणाऱ्या प्रवाशाला समोरच्याचा नकार अन्याय वाटतो. नकारामागचे कारण ऐकून घेणाऱ्याला त्यात एका देशाचा इतिहास दिसू लागतो.

इंग्रजांची ही दोन कलमे मान्य झाली नाहीत, तरी तह झाला. परक्यांशी बोलणे म्हणजे प्रत्येक गोष्टीत त्यांची संमती मिळवणे नव्हे. ते कोठे थांबतात आणि का थांबतात, एवढे उमगले तरी प्रवास सार्थकी लागतो.