देवगिरीचा कातळ आणि त्याची कोठारे

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने राजधानी केलेला देवगिरी, म्हणजेच आजचा दौलताबाद, हा रचून उभारण्यापेक्षा तासून घडवलेला किल्ला असून त्याच्या स्थापत्याचे मर्म या तासणीतच आहे. सपाटीवरून सुमारे २०० मीटर उठलेल्या या सुट्या डोंगराची खालची बाजू अशी सरळसोट तोडली आहे की कड्यावर पाय टेकायला जागा उरत नाही, आणि पायथ्याचा खंदकही कातळातच खोदलेला आहे. तो ओलांडल्यावर वाट डोंगराच्या पोटात शिरते. ‘अंधारी’ नावाचा हा वळणावळणाचा चढता बोगदा मुद्दाम काळोखा ठेवलेला असून, शत्रू आत घुसलाच तर वरच्या तोंडावरील लोखंडी झडपेवर विस्तव पेटवून धुराने त्याला गुदमरवण्याची सोय होती.

डोंगराबाहेर अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट अशा तटबंदीच्या ओळी आहेत. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने येथे राजधानी हलवली आणि १३४७ मध्ये येथेच बहमनी सत्तेचा उदय झाला. महाकोटातील चांद मिनार (पंधरावे शतक) ही त्या सत्तेचीच खूण होय.

एवढ्या भक्कम बांधणीपुढे एक प्रश्न मात्र टाळता येत नाही, तो धान्याचा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होती, आणि घाईने गडावर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाल्याने रामदेवरायाला शरण जावे लागले, असे फिरिश्ता सांगतो. तो तीन शतकांनंतरचा इतिहासकार असल्याने तपशील जपून घ्यावा लागतो, तरी कोठारे रिती असल्याचे त्याचे सूत्र पटण्याजोगे आहे. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, पण मूळ डोंगर त्याला लढून घेता आला नाही. विजापूरकरांच्या बाजूने रणदुल्लाखान, मुरार जगदेव आणि शहाजीराजे वेढ्याबाहेरून मोगलांना सतावत होते, तरीही आत रसद पुरेशी पोहोचली नाही, आणि उपासमारीने व रोगराईने खचलेल्या शिबंदीसह निजामशाहीचा वजीर, मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला.