वकिली, उद्योग आणि दूतावास : नानी पालखीवाला यांची राजदूतपदी नियुक्ती

औरंगाबादेतील, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, शहागंज ही पेठ आणि तेथील १७२० च्या सुमाराची मशीद ज्या शतकात नावारूपाला आली, त्याच शतकात परदरबारी नेमलेल्या प्रतिनिधींना दख्खनच्या राजकारणात मोठे महत्त्व होते. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला हलेपर्यंत हेच शहर सत्तेचे केंद्र होते. चौथाईच्या, म्हणजे मुलखाच्या महसुलातील चौथ्या हिश्श्याच्या, थकबाकीचा तगादा लावणे, दरबारातील हालचालींची खबर पुण्याला कळवणे आणि तहाची कलमे ठरवणे ही कामे निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील करीत असत. पुढे १९४८ मध्ये, मराठवाडा हैदराबाद संस्थानातच असताना, या भागाने असाच एक प्रतिनिधी पुन्हा पाहिला. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानुसार, म्हणजे पूर्वीची व्यवस्था वर्षभर तशीच चालू ठेवण्याच्या करारानुसार, भारत सरकारने एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी यांना हैदराबादला पाठवले. ते मुंबई उच्च न्यायालयातील नामवंत वकील होते, आणि त्यांच्यासमोर निजामाचे प्रधानमंत्री म्हणून मीर लायक अली हे उद्योगपती होते. संस्थान भारतात सामील करणाऱ्या पोलीस कारवाईपर्यंतच्या त्या महिन्यांत एका वकिलाने एका उद्योगपतीशी राज्याच्या भवितव्याची बोलणी केली.

स्वतंत्र भारताने परराष्ट्र सेवा उभारली, तरी सेवेबाहेरच्या व्यक्तीला राजदूत नेमण्याची प्रथा सोडली नाही, आणि वॉशिंग्टनच्या बाबतीत तर ती विशेष जपली. पहिले राजदूत असफ अली हे बॅरिस्टर होते. १९५२ मध्ये गेलेले गगनविहारी मेहता उद्योगक्षेत्रातले होते. १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद सोडून महंमद करीम छागला तेथे गेले. आणि १९६८ मध्ये गेलेले अली यावर जंग हैदराबाद संस्थानाच्या प्रशासनात वाढलेले होते व पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मात्र वकिली आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांत शिखर गाठलेली व्यक्ती या मालिकेत एकच आढळते, आणि ती म्हणजे १९७७ मध्ये नेमले गेलेले नानाभॉय अर्थात नानी पालखीवाला.

१६ जानेवारी १९२० रोजी मुंबईत एका साध्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या पालखीवालांना लहानपणी तोतरेपणाचा त्रास होता, आणि पुढे त्यांचे वक्तृत्वच त्यांची ओळख ठरले. इंग्रजी साहित्यात एम. ए. केल्यानंतर ते कायद्याकडे वळले, १९४४ मध्ये सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम शिकण्याच्या कचेरीत, दाखल झाले आणि अवघ्या सहा वर्षांत कांगांसह लिहिलेला त्यांचा प्राप्तिकरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५८ पासून त्यांनी अर्थसंकल्पावर व्याख्याने द्यायला सुरुवात केली. पहिली व्याख्याने मुंबईतील ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या सभागृहात झाली, पण श्रोते इतके वाढले की अखेर ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावे लागले. कराचे दर, तुटीचे आकडे आणि कलमांचे क्रमांक समोर टिपण न ठेवता सांगणारा वक्ता ऐकण्यासाठी मुंबईकर क्रिकेटच्या मैदानावर गर्दी करीत, ही गोष्ट त्या शहराच्या सार्वजनिक जीवनाविषयी फार काही सांगून जाते. १९६१ पासून ते टाटा समूहाशी जोडले गेले, आणि एसीसी ही सिमेंट कंपनी व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले.

राजनयाशी, म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील वाटाघाटींच्या व्यवहाराशी, त्यांचा परिचय न्यायासनासमोरूनच झाला होता. कच्छच्या रणाचा वाद ज्या लवादापुढे, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या न्यायमंडळापुढे, जिनिव्हात चालला, तेथे ते भारताचे वकील होते. १९७१ मध्ये ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली, त्या वादातही त्यांनी प्रथम माँट्रियलला आणि नंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू मांडली. १९७२ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, तरी देशाची बाजू परक्या न्यायाधीशांना कशी पटवावी याचा अनुभव त्यांच्या गाठीशी राहिला.

तथापि त्यांची नियुक्ती समजून घ्यायची तर जून १९७५ कडे पाहावे लागते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवल्यावर सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने पालखीवालाच उभे राहिले आणि २४ जूनला त्यांनी सशर्त स्थगिती मिळवली. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली आणि त्यांनी वकीलपत्र परत केले. केशवानंद भारती खटल्यात संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येणार नाही हे तत्त्व १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी मान्य केले होते, आणि त्या तत्त्वामागचा मुख्य युक्तिवाद पालखीवालांचा होता. ते मोडून काढण्याचा प्रयत्न नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला, तेव्हा पालखीवालाच पुन्हा उभे राहिले आणि फेरविचारासाठी बसलेले पीठ दोन दिवसांत विसर्जित झाले. त्यामुळे मार्च १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या मोरारजी देसाई सरकारने त्यांना वॉशिंग्टनला पाठवले, त्यात अमेरिकेला एक स्पष्ट संदेश होता. ज्याने सत्ताधाऱ्याचे वकीलपत्र टाकून दिले, तोच आता देशाचा प्रतिनिधी होता.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने सुचवलेल्या राजदूताला सिनेटची मंजुरी लागते. भारतात तशी अट नाही. सरकार निवड करते, यजमान देशाची पूर्वसंमती मागते, जी १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार कारण न देताही नाकारता येते, आणि त्यानंतर राष्ट्रपतींच्या सहीची अधिकारपत्रे घेऊन राजदूत यजमान राष्ट्रप्रमुखासमोर जातो. संसदेपुढे उलटतपासणी नसल्याने अशा नियुक्तीची गुणवत्ता सरकारच्या विवेकावरच अवलंबून राहते, आणि १९७७ मध्ये हा विवेक दिसला, असे निःसंकोच म्हणता येते.

पालखीवालांची खरी कसोटी महाराष्ट्रातल्याच एका प्रकल्पाने घेतली. १९६३ च्या करारानुसार तारापूरच्या अणुवीज केंद्राला समृद्ध युरेनियम, म्हणजे विखंडनक्षम अंश वाढवलेले इंधन, पुरवण्याची हमी अमेरिकेने दिली होती. पण १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर वातावरण बदलले आणि मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून आपल्या सर्व अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी न स्वीकारणाऱ्या देशांचा पुरवठा पुढे बंद करण्याची तरतूद केली. एप्रिलमध्ये तेथील अणुनियामक आयोगाची मते दोन विरुद्ध दोन अशी समान पडली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात एक खेप सोडली. करार झाल्यानंतर एका पक्षाने कायदा करून अटी बदलाव्यात, हा प्रश्न करारांचे कायदे कोळून प्यायलेल्या राजदूताच्या अगदी हातचा होता. परंतु न्यायालयात उत्तम युक्तिवाद निकाल फिरवू शकतो, तर अमेरिकी काँग्रेसमध्ये तो मतांपुढे थांबतो. तारापूरचा पेच त्यांच्या काळात सुटला नाही, आणि १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली तेव्हाच त्यातून वाट निघाली. त्यांचे अधिक टिकाऊ काम विद्यापीठांच्या व्यासपीठांवर झाले, जेथे त्यांनी भारताचे संविधान आणि संस्कृती यांविषयी अथक व्याख्याने दिली. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९७८ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

जुलै १९७९ मध्ये देसाई सरकार कोसळले आणि त्याच वर्षी पालखीवालांचा कार्यकाळही संपला. सेवेबाहेरच्या राजदूताची ही मर्यादाच असते, की त्याला नेमणाऱ्या सरकारबरोबर तोही जातो. मात्र ज्याचा चरितार्थ सरकारवर नाही, त्याच्यासाठी परतीची जागा तयार असते. ते न्यायालयात परतले, आणि मिनर्व्हा मिल्स खटल्यात, आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला दिलेल्या अमर्याद अधिकाराविरुद्ध त्यांनी केलेला युक्तिवाद मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती तरतूद रद्द केली.