शब्दांधत्वाचा वारसा

नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचं एक छोटं टिपण छापून आलं. ते पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या इंग्लिश मुलाविषयी होतं. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि बिनचूक केला; स्वतःचं नाव लिहिताना मात्र अक्षरं मागेपुढे होऊन ‘प्रेसी’ झालं. मुलगा चलाख, नजर चांगली, शिकवण्यात कसूर नाही, तरी वाचन येईना. मॉर्गन यांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. कुसमाउल या जर्मन वैद्यांनी १८७७ मध्ये ही संज्ञा मेंदूच्या इजेने वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी वापरली होती. मॉर्गन यांचं लक्ष इकडे वेधलं ते ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांच्या १८९५ च्या लेखाने. या दुखण्याचा पहिला पाठपुरावा असा डोळ्यांच्या डॉक्टरने केला, आणि ते दीर्घकाळ पाहण्याच्याच खात्यावर मांडलं गेलं.

त्या मांडणीचे उपकार नाकारता येत नाहीत. डोळे निरोगी आहेत, मेंदूत शब्दांची चित्रं साठत नाहीत, असं हिन्शेलवूड सांगत. त्यामुळे पोरावरचा ‘मठ्ठ’ हा शिक्का पुसायला वाव मिळाला. पण चुकीच्या कारणामागून चुकीचे उपायही आले. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये उलटसुलट दिसणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं. १९६० च्या दशकात मारिआन फ्रॉस्टिग यांच्या दृक्‌-आकलन चाचण्या आणि सरावपत्रिका शाळांत पोहोचल्या. मुलं रेषा ओढत, गुंतलेल्या आकृत्या वेगळ्या काढत. हात त्यात बसला. वाचनात म्हणावा तसा फरक पडला नाही.

यावर कुणी म्हणेल, मूल अक्षरं उलटी लिहितं हे तर समोर दिसतं. पण लिहायला नुकती लागलेली बहुतेक मुलं तसं करतात. शिवाय फ्रँक व्हेलुटिनो यांनी १९७० च्या दशकात, हिब्रू न येणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरं दाखवून आठवणीने लिहायला लावली. वाचनात मागे पडणारी मुलं त्यात इतरांच्या बरोबरीची निघाली. अक्षर नीट दिसत होतं. गाडी अडत होती ती त्याला उच्चार जोडताना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही मुलांना दाटीतली अक्षरं सुटी दिसत नाहीत, फळ्यावरचं वहीत उतरवताना ओळ हरवते. हे खरंच आहे, आणि देवनागरीत नजरेवर ताण कमी नाही: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ जवळजवळ सारखे, पहिली वेलांटी अक्षराआधी काढायची, उच्चारायची मात्र नंतर. अशा मुलांना ठळक, मोकळी छपाई आणि जादा वेळ मिळालाच पाहिजे. मात्र ही अडचण वेगळी तपासावी लागते. ती वाचनदोषाचं सरसकट कारण नव्हे. डोळ्यांच्या कसरती आणि रंगीत भिंगं यांनी वाचनदोष सुधारतो याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र जाहीर केलं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली अध्ययन अक्षमतेची व्याख्या भाषेपासून सुरू होते, तरी तिच्या यादीत आकलनदोषही आहे. दोन्हींना जागा देणारी ही व्याख्या योग्यच आहे. फक्त प्रमाणपत्र देताना कोणत्या मुलाचं नेमकं कुठे अडतं हे लिहिलं गेलं, तर शाळेला उपायही नेमका करता येईल.