ट्रकचं फिरतं घर केलंय? टायर घेण्याआधी गाडी काट्यावर न्या

मागच्या मे महिन्यात माळशेज घाटातून परतताना माझ्या मित्राच्या गाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी म्हणजे जुन्या फोर बाय फोर ट्रकवर बांधलेलं फिरतं घर. आत मुलं झोपली होती. सगळे सुखरूप आहेत. पण टायर तर जवळजवळ नवा होता, मग फुटला कसा?

उत्तर मिळालं कळंबोलीत. स्टील मार्केटमुळे तिथे ट्रकची सतत ये-जा असते, त्यामुळे वजनकाटे जवळच मिळतात. टाकी भरून, सामान आणि माणसांसह आम्ही गाडी काट्यावर घेतली.

वजन कसं मोजायचं?

एकूण वजन भरलं ५,२४० किलो. टायरवर लोड इंडेक्स होता १२२, म्हणजे एका टायरला १,५०० किलो. चार टायरचे ६,००० झाले. दुकानदाराने एवढाच हिशोब केला होता.

मग आम्ही फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली: ३,१४० किलो. मागे दोनच टायर, म्हणजे क्षमता ३,०००. काटा जमिनीच्या पातळीत होता, म्हणून एकेक बाजूही मोजता आली. डाव्या मागच्या चाकावर तब्बल १,७०० किलो! कारण २०० लिटरची पाण्याची टाकी नेमकी त्याच चाकावर होती. जास्त वजनाने टायरची बाजू सतत दबते, तापते आणि शेवटी फुटते. हवा कमी असली तरी हेच होतं.

म्हणून सर्वात जड चाकाचं वजन धरा आणि त्याहून बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा टायर निवडा. पण एक लक्षात ठेवा, टायर मोठा घेतल्याने अॅक्सलची क्षमता वाढत नाही.

टायरवरचं काय वाचायचं?

मोबाईलचा टॉर्च तिरका धरून टायरच्या बाजूचा फोटो काढा आणि झूम करा.

- १२२/११८ एल: पहिला आकडा एकेरी चाकासाठी (१,५०० किलो), दुसरा जोडचाकासाठी (प्रत्येकी १,३२०). एल म्हणजे कमाल वेग ताशी १२० किमी.
- २३१९: २०१९ सालचा २३वा आठवडा. फिरतं घर महिनोन्‌महिने उभं असतं, त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारं होतं. बाजूला भेगा दिसल्या तर टायर बदला.
- टीडब्ल्यूआय: खाचेतला हा उंचवटा १.६ मिमीचा असतो. नक्षी तिथवर झिजली की टायर संपला.
- आयएसआय खूण: ही बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नक्षी कोणती?

रिब टायर डांबरी रस्त्यावर शांत चालतो, लग टायर चिखलात पकड देतो पण हायवेवर आवाज करतो. बहुतेक प्रवास हायवेचा आणि थोडा कच्च्या रस्त्याचा असेल, तर मिश्र नक्षी बरी. फोर बाय फोरमध्ये चारही टायरचा घेर सारखा हवा, नाहीतर गिअरवर ताण येतो. एकाच अॅक्सलवर रेडियल आणि साधा नायलॉन टायर एकत्र लावू नका.

हवा आणि रिंग

हवा नेहमी टायर थंड असताना तपासा आणि कंपनीच्या तक्त्यात तुमच्या वजनासमोर जो आकडा असेल तोच भरा. लॉक रिंगचं चाक हवा नसताना चाललं असेल तर तसंच फुगवू नका. रिंग उडाली तर जीव जाऊ शकतो. आधी उघडून तपासा, मग पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरा.

मित्राने टाकी दोन्ही अॅक्सलच्या मध्ये सरकवली आणि ट्रक कंपनीने मान्य केलेल्या मापात १२८ लोड इंडेक्सचे, म्हणजे प्रत्येकी १,८०० किलोचे टायर घेतले. तुम्हाला मापच बदलायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

आता प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी तो गाडी काट्यावर नेतो. पावतीचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये असतो, मुलांच्या फोटोंशेजारीच.