मुलांसाठी विज्ञान : मार्सेटबाईंचं पुस्तक आणि बाइंडिंगवाला मुलगा



आजचा विषय आहे मुलांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तकं. तसा हा बालवाङ्मयाच्या अभ्यासकांचा प्रांत. पण आपण त्याच्याकडे तत्त्वज्ञानाच्या बाजूने जाणार आहोत, कारण या पुस्तकांत ज्ञानाविषयीचा एक जुना पेच दडलेला आहे.

आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली. त्यातली दोन आज आपल्याला लागतील. एक प्रत्यक्ष, म्हणजे आपल्या इंद्रियांनी आपल्याला थेट होणारं ज्ञान. दुसरं शब्द, म्हणजे विश्वास ठेवावा अशा माणसाने सांगितल्यामुळे होणारं ज्ञान. आता बघा, लहान मुलाचं बहुतेक ज्ञान शब्दानेच येतं. पृथ्वी गोल आहे, पाणी दोन वायूंचं बनलेलं आहे, हे त्याने कुठे पाहिलेलं असतं? गुरुजींनी सांगितलं, पुस्तकात छापलं, म्हणून ते खरं. मग विज्ञानाचं पुस्तक हेही शब्दप्रमाणच झालं. आजीच्या सांगण्याच्या जागी पुस्तकाचं सांगणं आलं, एवढाच काय तो फरक का? या प्रश्नाचं उत्तर आपण एका पुस्तकाच्या आणि त्याच्या एका वाचकाच्या इतिहासात शोधू.

स्थळ लंडन, साल १८०५. रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन होऊन सहा वर्षं झाली आहेत. तिथे हम्फ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ व्याख्यानं देतो आणि ती ऐकायला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गर्दी करतात. त्यात स्त्रियाही पुष्कळ असतात. विद्यापीठाचे दरवाजे त्यांना बंद होते, इथे निदान ऐकायला बसता येत होतं. या श्रोत्यांमध्ये जेन मार्सेट नावाच्या एक बाई होत्या. वडील स्विस वंशाचे व्यापारी, पती अलेक्झांडर मार्सेट डॉक्टर आणि रसायनाचे जाणकार.

बाईंची अडचण अशी झाली की व्याख्यान समोर चाललेलं असताना प्रयोग भराभर होऊन जात आणि नीट काही कळत नसे. मग घरी त्या विषयावर एका स्नेह्याशी बोलावं, तेच प्रयोग पुन्हा करून पाहावेत, असं त्यांनी सुरू केलं. त्यानंतरची व्याख्यानं त्यांना समजू लागली. मोकळ्या बोलण्यातून आणि स्वतः करून पाहण्यातून जे कळतं, ते नुसतं ऐकून कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून पुस्तक झालं : 'रसायनशास्त्रावरील संभाषणे', दोन भागांत, आणि मुख्यतः मुलींसाठी. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, आणि पुढे बरीच वर्षं ते आलंच नाही. एका बाईने रसायनावर लिहावं याबद्दल त्यांनी प्रस्तावनेत संकोचही व्यक्त केला आहे.

पुस्तकात तीन पात्रं आहेत. शिकवणाऱ्या मिसेस बी आणि दोन मुली, एमिली आणि कॅरोलाइन. एमिली शांत, विचारी. कॅरोलाइन उतावळी. रसायनशास्त्रात आपल्याला काही गंमत वाटेल असं नाही, हे ती सुरुवातीलाच सांगून टाकते! ती मधेच अडवते, शंका काढते, आणि तिच्या शंकेमुळे मिसेस बींना आणखी एक प्रयोग करून दाखवावा लागतो.

याचं महत्त्व कळण्यासाठी त्या काळातली दुसरी पुस्तकं आठवली पाहिजेत. रिचमल मॅग्नॉल या शिक्षिकेची प्रश्नावली १७९८ मध्ये आली आणि पुढे शाळाशाळांतून पाठ केली गेली. सॅम्युएल पार्क्स यांचं 'रासायनिक प्रश्नोत्तरी' १८०६ मधलं. धर्मशिक्षणाची जी प्रश्नोत्तराची पद्धत होती, तीच तिथे रसायनाला लावली होती. आपल्याकडच्या गाइडांसारखंच म्हणा ना. वरवर पाहिलं तर प्रश्नोत्तरी आणि संवाद सारखेच दिसतात. पण प्रश्नोत्तरीत प्रश्न विचारतो तो गुरू, ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे. मार्सेटबाईंच्या संवादात प्रश्न मुली विचारतात, आणि मिळालेलं उत्तर पटलं नाही असं म्हणायची त्यांना मुभा आहे.

हे आपल्याला अनोळखी नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला लावतो, फोडायला लावतो आणि आत काय दिसतं ते विचारतो. मीठ पाण्यात टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी वरून, मधून, तळातून चाखायला लावतो. उपदेश ब्रह्मविद्येचा आहे, पण चव मुलाच्याच जिभेवर आहे.

आता वाचकाकडे वळू. ज्या साली हे पुस्तक आलं, त्याच साली, १८०५ मध्ये, ब्लँडफोर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबो यांच्या दुकानात एक मुलगा सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणी शिकायला लागला. बाप लोहार, घरची गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. त्याचं नाव मायकेल फॅरडे. बांधणीला आलेली पुस्तकं तो वाचत असे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातल्या विजेवरच्या लेखाने त्याला विजेची ओळख करून दिली, आणि मार्सेटबाईंच्या पुस्तकाने रसायनाची. मुलींसाठी लिहिलेलं पुस्तक एका लोहाराच्या मुलाच्या हाती पडलं! प्रतिष्ठितांच्या सभागृहात ज्याला एरवी जागा नव्हती, त्याच्यापर्यंत ते सभागृह या मार्गाने आलं.

मार्सेटबाई १८५८ मध्ये वारल्या. त्यानंतर फॅरडेने जिनिव्हाच्या ओग्यूस्त द ला रीव्ह यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की लहानपणी आपण फार कल्पनेत रमणारे होतो, अरेबियन नाइट्सवरही ज्ञानकोशाइतकाच विश्वास ठेवला असता. पण वस्तुस्थितीला मान द्यायची सवय होती, तिने वाचवलं. मार्सेटबाईंच्या पुस्तकातली विधानं त्याने परवडतील तेवढ्या छोट्या छोट्या प्रयोगांनी तपासली. ती खरी निघाली, तेव्हा आपल्याला धरायला काही पक्कं मिळालं असं त्याला वाटलं.

हे नीट लक्षात घ्या. त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला तो छापलेलं होतं म्हणून नव्हे, तर तपासल्यावर ते टिकलं म्हणून. साधनं म्हणाल तर काय होती? १८१२ मध्ये त्याने सात हाफपेनी नाणी घेतली, जस्ताच्या सात चकत्या घेतल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले आणि घरच्या घरी विद्युतघट उभा केला. त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढून स्वतःच बांधली आणि डेव्हीला पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आपल्या वीजकेंद्रातली जनित्रं त्याच तत्त्वावर चालतात.

आता कुणी विचारील, मार्सेटबाईंच्या पुस्तकातलं सगळं खरं होतं का? नव्हतं. पहिल्या आवृत्तीत उष्णता आणि प्रकाश यांना मूलतत्त्वांमध्ये जागा आहे. त्या वेळी लाव्हाझिएच्या वर्गीकरणात तसंच होतं. आज ते कुणी मानत नाही. १८०७ मध्ये डेव्हीने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, तशा नव्या गोष्टी बाईंनी पुढच्या आवृत्त्यांत घातल्या. म्हणजे पुस्तकातला मजकूर जुना होत गेला, पण त्याने वाचकाला लावलेली सवय जुनी झाली नाही. ज्याला तपासण्याची सवय लागली, त्याला पुस्तकातली चूकही कधीतरी सापडते. ज्याने नुसतं पाठ केलं, त्याच्यासाठी बरोबर आणि चूक दोन्ही सारखेच.

पुढे फॅरडेने हे ऋण फेडलं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. त्यातल्या एकोणीस माला एकट्या फॅरडेने दिल्या. सर्वांत गाजली ती मेणबत्तीवरची. १८६०-६१ च्या नाताळात त्याने ती पुन्हा दिली तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. विल्यम क्रुक्स यांनी ती सहा व्याख्यानं टिपून घेतली आणि १८६१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. विषय काय, तर एक मेणबत्ती. ज्योतीजवळ थंड भांडं धरलं की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. जळून निघालेली हवा चुन्याच्या निवळीत सोडली की निवळी दुधाळ होते. आणि आपण फुंकलेल्या श्वासानेही ती तशीच दुधाळ होते! म्हणजे मेणबत्तीचं जळणं आणि आपलं श्वास घेणं यांचं नातं आहे. हे त्या मुलांना नुसतं सांगितलं नाही, पांढरी झालेली निवळी समोर ठेवली.

मराठीलाही संवादाची ही रीत लवकर भेटली. १८३० च्या दशकात मुंबईत हरि केशवजी यांनी शास्त्रविषयक संवाद मराठीत आणले, आणि १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' मासिक काढलं, त्यात शास्त्रीय विषय येऊ लागले. सुरुवात चांगलीच होती.

आज काय दिसतं? पाठ्यपुस्तकात 'कृती' असते, खाली 'निरीक्षण' आणि त्याखाली 'अनुमान'. पण पुष्कळदा निरीक्षण आधीच छापलेलं असतं. मूल मेणबत्ती न पेटवता निवळी दुधाळ झाल्याचं वहीत लिहून टाकतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याला रसायन येतं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. न पाहिलेलं 'पाहिलं' म्हणून लिहायला ते शिकलं, हे जास्त गंभीर आहे. असं मूल उद्या मोठं होईल, तेव्हा त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक संदेशालाही तसंच 'पाहिलं' म्हणेल.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. विज्ञानाचं पुस्तक शब्दप्रमाणच असतं, त्याला इलाज नाही. आपण सगळंच तपासू शकत नाही, फॅरडेही सगळं तपासू शकला नाही. पण चांगलं पुस्तक मुलाला निदान काही ठिकाणी स्वतःच्या पलीकडे, प्रत्यक्षाकडे पाठवतं. तिथून परत आलेलं मूल उरलेल्या शब्दावर विश्वास ठेवतं, तो डोळे उघडे ठेवून. नातवंडांसाठी पुस्तक घेताना आपण चित्रं बघतो, किंमत बघतो. त्याबरोबर एवढंही पाहावं : या पुस्तकात मुलाला जागेवरून उठवणारं एखादं पान आहे का? आणि ते उठलं, तर घरात चुना, मीठ, मेणबत्ती मागितल्यावर आपण त्याला देणार आहोत का?

इथे थांबू. आता आपल्या शंका घेऊ. कॅरोलाइनसारख्या असतील तर अधिक बरं.